थेंबकाकांचं द्रावण

पडदा वर जातो. समोर एक लांबट, उंच छताची खोली. उजवीकडे ओळीनं खिडक्या, त्यांतून सकाळचं तिरपं ऊन. मधोमध काळ्या माथ्याची चार लांब टेबलं, प्रत्येकावर दोन-दोन नळ, गॅसच्या तोट्या आणि मांडणीवर ओळीत उभ्या बाटल्या. हवेत नाकाला झोंबणारा एक वास. मागच्या भिंतीशी एक मोरी, मोरीपाशी पाठमोरा उभा एक किडकिडीत माणूस. अंगात निळा डगला, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. तो एक काचेची नळी विसळतो, उजेडाकडे धरतो, मान हलवतो, पुन्हा विसळतो. प्रेक्षागृहात कुणी नाही. तरी हा माणूस असं काम करतोय की हजार डोळे त्याच्यावर खिळलेत.

हे माझे भावोजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सहायक. मी उभी हयात नाटकात काढली, राण्या झाले, दासी झाले, एकदा तर म्हातारा दरवान झाले. पण एखादी वस्तू हातात घेण्याची अदब मी पाहिली ती त्या मोरीपाशी.

भावोजी सतराव्या वर्षी तिथे बाटल्या धुवायला लागले. वडील गेले होते, शाळा सुटली होती. पहिल्या दिवशी जुन्या सहायकानं त्यांना एक चंबू धुवायला दिला आणि तो सहा वेळा परत पाठवला. सातव्या वेळी म्हणाला, "पाण्याकडे बघ. स्वच्छ काचेवर पाणी सपाट पसरतं. थेंब धरून राहिलं तर समज, तेल आहे, मळ आहे, तुझं बोट लागलंय." भावोजी ही गोष्ट मला सांगायचे तेव्हा आपलीच गंमत केल्यासारखे हसायचे. पण आमच्या घरी जेवायला आले की ताईच्या नकळत पेला उजेडाकडे धरून बघायचे, पण ते ताईच्या नजरेतून कधी सुटायचं नाही.

"अहो, तो पेला आहे, परीक्षानळी नव्हे. प्या मुकाट्यानं."

"पितोय की. बघायला पैसे पडतात का?"

मुलं त्यांना थेंबकाका म्हणत. आम्लाची लांब नळी, तिला ब्युरेट म्हणतात, ती धरायची कशी आणि चंबूतल्या सोड्यात थेंब-थेंब आम्ल सोडायचं कसं, हे ते प्रत्येक नव्या वर्गाला शिकवत. सोड्यात रंगद्रव्य टाकलेलं असतं, ते पिवळं. आम्ल पुरेसं झालं की एका क्षणी ते नारिंगी होतं. तो क्षण एका थेंबात येतो आणि एका थेंबात हुकतो. "मग काका, थेंब जास्त वाटला तर?" कुणीतरी दरवर्षी विचारायचंच. त्यावर भावोजी नळीच्या टोकाला अर्धा थेंब लोंबकळत ठेवायचे, तो चंबूच्या काठाला हळूच टिपायचे आणि पाण्याच्या पिचकारीनं आत धुवून घ्यायचे. मुलं टाळ्या वाजवायची. टाळी घ्यावी कशी, हे त्या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं.

मला शास्त्रातलं ओ की ठो कळत नसे, पण आमच्या मंडळीच्या एका नाटकात शेवटच्या अंकात राजवाडा जळायचा. लाल काचेच्या कंदिलानं जळलेला राजवाडा लोकांना हसवायचा. मी भावोजींना गळ घातली. त्यांनी लोखंडी तव्यात स्पिरिट ओतलं, त्यात चिमूटभर पांढरी पूड टाकली, काडी लावली, आणि अशी लालभडक ज्वाळा उठली की आमचा राजा आपलं वाक्य विसरला.

"काय हो ती पूड?"

"स्ट्रॉन्शियमचा क्षार. मीठ टाकलं असतं तर पिवळी आली असती. बेरियम टाकलं तर हिरवी."

"पण पांढऱ्यातून लाल कसं येतं?"

मग त्यांनी मला अणू सांगितला. रिकाम्या नाट्यगृहात, पहिल्या रांगेत बसून. "हे सगळं थिएटर म्हणजे एक अणू समज. रंगमंचाच्या मधोमध खसखशीचा एक दाणा ठेव, तो अणूचा गाभा. सगळं वजन त्याच्यात. इलेक्ट्रॉन कुठे, तर पार मागच्या रांगांत. मधे काही नाही. रिकामं. आता या इलेक्ट्रॉनना बसायला जागा ठरलेल्या असतात, तुमच्या बाल्कनीच्या पायऱ्यांसारख्या. पायरीवर उभं राहता येतं, दोन पायऱ्यांच्या मधे नाही. आच लागली की तो वरच्या पायरीवर उडी मारतो. पण तिथे त्याला करमत नाही. परत खाली येतो, आणि येताना घेतलेलं सगळं देऊन टाकतो, प्रकाश म्हणून. प्रत्येकाच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा."

"म्हणजे आपण सगळे बहुतेक रिकामेच?"

"तुमची मंडळी तर नक्कीच," ते म्हणाले.

आमच्या मंडळीवर त्यांची बारीक नजर. आमचा पहिला अंक रोज वीस मिनिटं उशिरा सुरू व्हायचा. एकवीस नाही, एकोणीस नाही. भावोजी घड्याळ बघून म्हणायचे, "नटीबाई, तुम्ही लोक काटेकोर आहात, पण अचूक नाही. दहा जणांनी दहा वेळा मोजलं आणि तेच उत्तर आलं, तर त्याचा अर्थ उत्तर बरोबर आहे असा होत नाही. पट्टीच चुकलेली असू शकते."

हे ते हसत बोलायचे.

त्यांच्या नोकरीची साडेतीन वर्षं उरली असताना एका रविवारी ताई माझ्याकडे आली. आल्या आल्या पदराशी चाळा सुरू. मी ओळखलं.

"ह्यांना दिसत नाही गं," ती म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याच्या आतला मधला भाग झिजत चाललाय. चष्म्यानं भागणार नाही, शस्त्रक्रियेनं भागणार नाही. भावोजी दुसऱ्या दिवशी आले तेव्हा माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे बघत होते. "मी जिकडे बघतो, तेवढंच दिसत नाही," ते म्हणाले. "बाजूचं सगळं दिसतं. तुझा कान दिसतोय, कानातलं दिसतंय. तू नाही."

कॉलेजात कळलं असतं तर आम्लांच्या खोलीत त्यांना एक दिवस ठेवलं नसतं. नियमच होता, आणि नियम बरोबर होता, हे आज मी लिहू शकते. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसत होतं की त्या खोलीतून या माणसाला बाहेर काढलं तर मागे डगला तेवढा उरेल.

"साडेतीन वर्षं," ते म्हणाले. "मग मी स्वतःच जाईन. तेवढी निभावून दे."

"मी कशी निभावू?"

"तुम्ही लोक काळोखात सामान हलवता की नाही, दोन प्रवेशांच्या मधे? पडता का कधी?"

आणि मी शिकवलं. रविवारी दुपारी रिकाम्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं जायचो. टेबलापासून मोरी सात पावलं, मोरीपासून कपाट चार. वस्तू उचलली की तिथेच परत, बोटभर इकडे नाही, तिकडे नाही. कुणी बोललं की मान आवाजाकडे पूर्ण वळवायची, घाई करायची नाही, हलकं हसायचं. आम्लांच्या बाटल्यांच्या गळ्याला मी जाड दोरा बांधला: मिठाच्या आम्लाला एक वेढा, गंधकाच्या आम्लाला दोन, नायट्रिकला तीन. लेबलं मी घरी बसून लिहायची, ते सांगतील तशी, ठसठशीत अक्षरांत. भावोजी उत्तम शिकले. मी शिकवलेल्या नटांत त्यांच्याइतका कुणी शिकला नाही. दीड वर्ष कुणाला संशय आला नाही. जुना तराजू होता तोवर खरंच अडचण नव्हती. वजनांच्या पेटीत प्रत्येक वजनाचं घर ठरलेलं, चिमटा बरोबर तिथेच जायचा, आणि काट्याचं झुलणं त्यांना डोळ्याच्या कडेनं दिसायचं.

मग कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून नवा तराजू दिला. लाल आकड्यांचा. जुना काचेच्या पेटीसकट कपाटावर गेला. भावोजींनी त्याला फडक्यानं पुसलं आणि वर ठेवायला दोन शिपाई बोलावले, उचलायला स्वतः हात लावला नाही.

त्या वर्षीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या रविवारी मी त्यांच्या सांगण्यावरून बारा लेबलं लिहिली. शेवटचं सोड्याच्या द्रावणाचं. खाली नेहमीप्रमाणे एक शब्द: तपासले. हा शब्द द्रावण बनवून, एकदा ब्युरेटवर पडताळून मगच चिकटवायचा, असा त्यांचा तीस वर्षांचा दंडक. मी घरी लिहून ठेवायची, ते रविवारी माझ्याकडून ब्युरेट वाचून घेऊन, पडताळून लावायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सोड्याचं द्रावण संपलं आणि नवं बनवावं लागलं. त्यासाठी सोडा हवा होता पाच पॉइंट तीन ग्रॅम. त्यांनी बशीत चमच्यानं सोडा टाकला आणि मान कलती करून लाल आकड्यांकडे बाजूनं पाहिलं. पहिल्याच झटक्यात पाच पॉइंट तीन. त्यांना काय आनंद झाला! हात अजून विसरला नाही, असं त्यांना वाटलं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. तिथे होते पाच पॉइंट आठ. त्या लाल आकड्यांत तीन आणि आठ यांच्यात दोन बारक्या रेघांचा फरक असतो.

पडताळणी राहिली. ब्युरेटवरच्या बारीक रेघा त्यांना दिसत नव्हत्या, आणि कुणाला "जरा वाचून दे रे" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. त्यांनी माझं लेबल थुंकी लावून चिकटवलं. तपासले. त्यांचं आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि ते माझ्या अक्षरात होतं.

पुढचं मला भावोजींनी सांगितलं, थोडं विभागप्रमुख बाईंनी.

परीक्षेला चोवीस मुलं. बाहेरून आलेले परीक्षक दुपारी जेवून आले, मोहोरबंद लखोटा फोडला. आत उत्तर होतं: आम्ल दहा पॉइंट चार मिलिलिटर. भावोजींनीच आदल्या आठवड्यात, जुनं द्रावण वापरून काढलेलं, आकडा नियमाप्रमाणे बाईंनी वाचलेला. त्यांनी मुलांच्या उत्तरपत्रिका पाहिल्या. अकरा पॉइंट चार. अकरा पॉइंट चार. अकरा पॉइंट तीन. अकरा पॉइंट चार. चोविसांत एकाचं तेवढं दहा पॉइंट चार. तो लखोट्यातला कागद टाइप करणाऱ्या कारकुनाचा भाचा, हे नंतर सगळ्यांना कळलं.

परीक्षकांनी चष्मा काढला. "बाई, तुमच्या कॉलेजात एकच मुलगा प्रामाणिक दिसतो. बाकी तेवीस जणांनी एकाचं उतरवलंय. मी सगळ्यांना नापास करणार."

म्हणजे प्रत्येकाचं एक वर्ष. खोलीत एकदम गलका झाला. भावोजी मोरीपाशी उभे होते. त्यांना त्याच क्षणी कळलं. मला ते म्हणाले, "पाच पॉइंट तीनच्या जागी आठ घातलं तर बरोबर एवढाच फरक येतो. तोंडी हिशेब आहे." पण ते गप्प राहिले. किती वेळ, ते त्यांनाही सांगता आलं नाही. बाई म्हणतात, दोन मिनिटं असतील. दोन वर्षं उरली होती त्यांच्या नोकरीची.

त्या दोन मिनिटांत एक मुलगी त्यांच्याजवळ आली. कॉलेजबाहेरच्या इस्त्रीवाल्याची. वर्गात सगळ्यांत नेटका हात तिचा, असं भावोजी कितीदा म्हणाले होते. तिच्या हातात कागद होता.

"काका, मी चौथ्यांदा करून बघितलं. तेच येतंय. माझेच डोळे बिघडलेत का हो?"

भावोजींनी हातातला चंबू पुन्हा नळाखाली धरला.

"सगळे म्हणतायत दहा पॉइंट चार बरोबर आहे. खोडू का काका? खोडून तेच लिहू?"

"खोडू नकोस," भावोजी म्हणाले. मग त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, आणि सात पावलं मोजत टेबलापाशी आले. "साहेब, मुलांचं बरोबर आहे. द्रावण चुकलंय. मी चुकवलंय."

परीक्षक हसले. "कमाल आहे! बाई सकाळपासून सांगतायत, तीस वर्षांत तुमचं एक द्रावण चुकलं नाही. आणि आज बरोबर चुकलं? पोरांवर जीव आहे तुमचा, समजतं मला. पण बाटलीवर 'तपासले' लिहिलंय."

"ते खोटं आहे. मला ब्युरेट वाचता येत नाही."

"म्हणजे?"

"मला दिसत नाही, साहेब."

कुणाला पटेना. दीड वर्ष रोज त्यांच्या अवतीभवती वावरलेली मुलं होती ती. परीक्षकांना तर हे नाटकच वाटलं. त्यांनी नव्या तराजूवर एक चिनी मातीची वाटी ठेवली आणि म्हणाले, "वाचा."

भावोजी वाकले. पाखरासारखी मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

"तेरा पॉइंट अठ्ठ्याऐंशी."

तिथे होते अठरा पॉइंट तेहतीस.

बाईंनी स्वतः सोडा तोलला, नवं द्रावण केलं. इस्त्रीवाल्याच्या मुलीनं सगळ्यांसमोर ब्युरेट लावली. दहा पॉइंट चार. तेवीसच्या तेवीस पास. कारकुनाचा भाचाही पास, त्याचं तर आधीपासून बरोबर होतं!

कॉलेजनं भावोजींना शब्दानं दुखवलं नाही. फाटकाजवळच्या खोलीत एक खुर्ची दिली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघायला. बघायला! ते अकरा दिवस बसले. बाराव्या दिवशी राजीनामा दिला. नोकरी पुरी केली नाही म्हणून निरोपसमारंभ झाला नाही. निळा डगला कॉलेजचा होता, तो परत करावा लागला. ताईनं तो धुऊन, इस्त्री करून, घडी घालून दिला. ती म्हणाली, "धुताना पाण्याला कसले कसले वास येत होते. तीनदा पाणी बदललं तरी."

मी बरेच दिवस त्यांच्या समोर गेले नाही. गेले तेव्हा उंबऱ्यातच रडायला लागले. "भावोजी, माझ्यामुळे झालं हे. मी शिकवलं नसतं तर..."

"नटीबाई, आत या. दारात रडलं की शेजारी तिकीट मागतात," ते म्हणाले. मग जरा वेळानं, हळू: "तुझ्यामुळे दीड वर्ष जास्त मिळालं. ते मोज की."

मी मोजू शकले नाही. अजूनही जमलेलं नाही.

त्यानंतरची सहा वर्षं ते घरात बसून होते. डोळ्याच्या कडांनाही हळूहळू धुकं आलं. सुरुवातीला रेडिओ ऐकायचे, मग तोही नको झाला. ताई म्हणायची, "बोला की काहीतरी," आणि ते म्हणायचे, "विचार की काहीतरी." तिला काय विचारावं सुचायचं नाही, आणि मी विचारलेलं त्यांना खरं वाटायचं नाही. एकदा मात्र मी विचारलं की त्या दिवशी त्या पोरीनं येऊन विचारलं नसतं तर तुम्ही बोलला असता का. "माहीत नाही," ते म्हणाले. "रोज विचार करतो. कुठल्याही मापातला शेवटचा आकडा नेहमी अंदाजाचाच असतो."

फुप्फुसात पाणी झालं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या मजल्यावर, चार खाटांची खोली, हिरवे पडदे. तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आली. पंचविशीची, खांद्याला जड पिशवी, बोटांवर पिवळे डाग. मी ओळखलं नाही. ताईनंही नाही.

"काका, मी," ती म्हणाली.

भावोजींनी मान आवाजाकडे पूर्ण वळवली, जशी मी शिकवली होती तशी. पण हसले ते त्यांचं स्वतःचं होतं. "इस्त्रीवाल्याची."

"हो. आता मी शिकवते काका. आपल्याच खोलीत."

"बाई काय करतात?"

"निवृत्त झाल्या. कपाटावरचा जुना तराजू मी खाली काढलाय. पहिल्या वर्षाच्या मुलांना आधी त्याच्यावरच तोलायला लावते."

भावोजींचा हात चादरीवर जरा हलला. तिनं तो धरला. श्वास जड येत होता, वाक्यं तुटत होती. ताई म्हणाली, "अहो, बोलू नका आता." त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"एक विचारतो. तू... त्या दिवशी. मी बोलायच्या आधी. खोडलं नव्हतंस ना?"

तिला क्षणभर कळेना. मग कळलं आणि तिचा चेहरा बदलला. "नाही, काका. रबर हातात होतं. पण नव्हतं खोडलं."

मी त्यांच्याकडे पाहत होते. रंगमंचावर मी पुष्कळ मरणं पाहिली, स्वतः मेलेही. सुटल्यासारखा चेहरा करायला आम्हाला फार मेहनत लागायची. भावोजींनी काहीच केलं नाही. नुसता श्वास सोडला.

दुपारी ते झोपले आणि उठलेच नाहीत. त्याआधी, ती हात धरून बसली होती तेव्हा, बाहेर कुठेतरी घड्याळाचे दहाचे ठोके पडले. त्यांनी आपला हात तिच्या हातातून सोडवून घेतला आणि म्हणाले, "मग जा आता. मुलं येऊन बसली असतील. तासाला उशीर करू नकोस."